वाडीत बदकं पाळायचीत? आधी पाण्याचं बघा!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. मी दिवसा कोड लिहितो आणि सकाळी लोकल पकडायच्या आधी वसईतल्या आमच्या वाडीत चार बदकांची अंडी गोळा करतो.

तळं लागतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तर, नाही. पोहायला मिळालं तर बदकं खूश, पण अंडी द्यायला त्याची गरज नसते. डोकं बुडेल एवढं खोल पाणी मात्र हवंच, कारण नाकपुड्या आणि डोळे ती त्यातच साफ करतात. एक मोठं घमेलं पुरतं. खरी गंमत पुढे आहे. ते पाणी बघता बघता चिखल होतं आणि रोज बदलावं लागतं. म्हणून ते फेकू नका, केळीच्या आळ्यात ओता. विष्ठेमुळे ते खतच असतं. कच्च्या खायच्या भाज्यांवर मात्र नको.

कुठली जात?

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी १९०० च्या आसपास ही जात तयार केली. साधारण पाच महिन्यांत अंडी सुरू होतात आणि चांगलं खाद्य असेल तर एक मादी वर्षाला अडीचशेपर्यंत अंडी देते. म्हणजे चार माद्यांची हजार, दिवसाला जवळपास तीन. नुसती खायची अंडी हवी असतील तर नर लागतच नाही. ही जात अंड्यांवर सहसा बसत नाही, त्यामुळे पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडी शोधा. २८ दिवस लागतात.

रोजचं काम

बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत पडतात. तोवर खुराडं उघडू नका, नाहीतर अंडी वाडीभर शोधत बसाल. कोरडं पीठ बदकांच्या घशात अडकतं, म्हणून खाद्य ओलसर करून द्या, पण लागेल तेवढंच भिजवा. पावसाळ्यात पोत्यातल्या मक्याला किंवा शेंगदाणा पेंडीला बुरशी लागली तर सरळ फेकून द्या. त्या बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला जास्त बाधतं. गोगलगाई आणि किडे ती आवडीने खातात, पण कोवळी रोपंही सोडत नाहीत. वाफ्यांना जाळी लावा.

२०२२ मध्ये वसई-विरार भागात बर्ड फ्लू आढळला होता. बदक आजारी न दिसताही हा विषाणू पसरवू शकतं. म्हणून पक्षी अचानक मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आणि अंडी पूर्ण शिजवूनच खा, हाफ फ्राय नको.

आणि बावखल?

गास, निर्मळ, आगाशीकडच्या जुन्या वाड्यांना बावखलांचं पाणी असायचं. ही उथळ तळी पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि ते जमिनीत मुरून विहिरींना मिळतं. आता कितीतरी बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, तेव्हा मुरायला जागा असण्याचं महत्त्व कळलं. तुमच्या वाडीत बावखल शिल्लक असेल, तर मोजकीच बदकं सोडा. गर्दी झाली की पाणी सडतं. आणि घरात 'बुजवून टाकू' असा विषय निघाला, तर हे सगळं एकदा बोलून दाखवा. बदकं घमेल्यावर भागवतील, विहिरीचं तसं नाही.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!