स्टीलची नळी घरी कापताना

पनवेलच्या खाडीकाठी खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. इथे लोखंडी पाइप फार टिकत नाही. म्हणून ओट्याच्या कठड्याला म्हणा, गोठ्यातल्या पाण्याला म्हणा, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून स्टेनलेस स्टीलची नळी घरी येते. ती कापायला बसावे, तर पाच मिनिटांत पाते बोथट! दोष बहुधा पात्याचा नसतो, घाईचा असतो.

हे पोलाद नुसते घासले की तापते आणि घासलेल्या जागी अधिकच कठीण होते. मग नवे पातेही तिथून घसरते. म्हणून करवत सावकाश चालवा, मिनिटाला ३०-४० वेळा पुरे. पुढे जाताना चांगला दाब द्या, मागे आणताना हात हलका ठेवा. पात्याचे दात पुढच्या दिशेला हवेत. हे मुद्दाम सांगतो, कारण उलटे लावलेले पाते मी पुष्कळ घरी पाहिले आहे.

दुकानात इंचाला ३२ दातांचे बायमेटल पाते मागा. मोठे दात पातळ नळीत अडकून मोडतात. खुणेसाठी नळीभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळा, म्हणजे काप तिरपा जात नाही. नळी चेपू नये म्हणून आत घट्ट बसेल असा लाकडी दांडा घाला आणि खाच पाडलेल्या दोन लाकडांत ती आवळून धरा. कापावर तेलाचे थेंब सोडत राहा. दुधापाण्याची नळी असेल तर खोबरेल वापरा. पाते आरपार गेले की नळी थोडी फिरवून पुढे कापा. शेवटी आतबाहेरची धार कानशीने मोडा. ती बोट चिरते.

ग्राइंडर असेल तर स्टेनलेससाठीची वेगळी चकती घ्या. लोखंड कापलेल्या चकतीचे कण चिकटतात व तिथेच गंजाचे डाग उमटतात. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा हवाच. आणि पेंढ्याजवळ ठिणगी नको!

गोठ्यात तर मुळीच कापू नका. मोडक्या पात्याचा टोकदार तुकडा वैरणीतून जनावराच्या पोटात गेला, तर तो जठराला भोसकून हृदयापर्यंत पोचू शकतो. कीस लोहचुंबकाने गोळा करू म्हणाल, तर हे स्टील चुंबकाला बहुधा धड चिकटत नाही. खाली जुने पोते अंथरून कापा आणि नंतर ते गोठ्यापासून दूर झटका.