थ्रॉटल बॉडी : निगा व निर्भार गतीतील दोष

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरांत जाणाऱ्या हवेचे प्रमाण कमीजास्त करणाऱ्या झडपेला व ती बसविलेल्या धातूच्या आवरणाला मिळून थ्रॉटल बॉडी म्हणतात. हवा-गाळणी व चूषण नळ यांच्या दरम्यान ती असते. तिच्यातील गोल छिद्राचा व्यास लहान मोटारगाड्यांत साधारणतः ४० ते ६० मिमी. असतो. छिद्रात आडव्या दांड्यावर फिरणारी एक वर्तुळाकार चकती असते. ॲक्सिलरेटर दाबला की चकती उघडते, जास्त हवा आत शिरते आणि तिच्या प्रमाणात नियंत्रक संगणक इंधन सोडतो. डीझेल एंजिनात शक्तीचे नियमन मुख्यत्वे इंधनाच्या प्रमाणाने होत असल्याने तेथे अशा झडपेचे कार्य निराळे व दुय्यम असते.

वाहन उभे असता व ॲक्सिलरेटरवर पाय नसता एंजिन ज्या किमान वेगाने स्वतःला चालू ठेवते, त्याला निर्भार गती किंवा व्यवहारात आयडलिंग असे म्हणतात. तापलेल्या एंजिनात ती बहुधा मिनिटास ६५० ते ९०० फेरे इतकी असते. या अवस्थेत चकती जवळजवळ बंद असून हवा केवळ तिच्या कडेच्या अरुंद फटीतून किंवा स्वतंत्र उपमार्गातून जाते. त्यामुळे पूर्ण उघड्या झडपेच्या दृष्टीने नगण्य असा काजळीचा पातळ थरही येथे हवेचा मोठा हिस्सा अडवतो आणि एंजिन थरथरू लागते, वेग खालीवर होतो किंवा एंजिन बंद पडते.

पूर्वेतिहास : बाष्प एंजिनाच्या गतीचे नियमन करण्यासाठी जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वापरलेला नियंत्रक अशाच झडपेवर क्रिया करीत असे. पुढे पेट्रोल एंजिनात ही झडप कार्ब्युरेटरचा भाग बनली. भारतात १९९० च्या दशकापर्यंत बहुसंख्य मोटारगाड्यांत कार्ब्युरेटर असे व निर्भार गती स्क्रू फिरवून हाताने जुळवीत. २००० सालापासून उत्सर्जनाचे नियम कडक होत गेल्यावर इंधन अंतःक्षेपण पद्धती रूढ झाली आणि हे काम संगणकाकडे गेले. थ्रॉटल बॉडीवरील थांबा-स्क्रू कारखान्यातच पक्का केलेला असतो. जुन्या सवयीने तो फिरवू नये.

मळ साचण्याची कारणे : सिलिंडरातून तेलाच्या कोठीत उतरणारे वायू तेलाच्या वाफांसह पुन्हा चूषण मार्गात सोडले जातात. एंजिन बंद केल्यावर उष्णतेमुळे वाफा मागे येऊन चकतीवर बसतात व हवेतील बारीक धूळ त्यांना चिकटते. संथ वाहतूक व वारंवारचे लहान प्रवास यांमुळे ही क्रिया वाढते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात अशा परिस्थितीची उदाहरणे आढळतात. हिंजवडी परिसरात वाहने दीर्घकाळ रांगेत निर्भार गतीवर उभी असतात, तर डोंगराळ भागातील कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यात धुळीमुळे हवा-गाळणी लवकर भरते.

दोषाचे गांभीर्य : एंजिनाची थरथर ही केवळ गैरसोय नव्हे. पुण्याहून पिरंगुट, पौड व मुळशी जलाशयावरून जाणारा रस्ता ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरतो. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय निघतो आणि वळणावर क्लच दाबताच एंजिन निर्भार गतीवर येते. नेमके अशा वेळी ते बंद पडल्यास सुकाणूला मिळणारे साहाय्य थांबते. ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात चूषण नळातूनच मिळत असल्याने साठलेला निर्वात दोनतीन वेळा ब्रेक दाबल्यावर संपतो व त्यानंतर ब्रेक फार जोराने दाबावा लागतो. पावसाळ्यात निसरड्या व धुक्याने भरलेल्या घाटात हे धोक्याचे ठरते. मुळशी परिसर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर असून तेथे हवेचा दाब सु. ७ टक्क्यांनी कमी असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत या फरकाने मिश्रण बिघडे. आधुनिक संगणक तो भरून काढतो, परंतु मळलेल्या झडपेमुळे त्याच्या दुरुस्तीची मर्यादा आधीच खर्ची पडलेली असू शकते.

दोषनिदान : थ्रॉटल बॉडी उघडण्यापूर्वी इतर कारणे क्रमाने तपासावीत. (१) हवा-गाळणी चोंदलेली नाही हे पाहावे. (२) चूषण नळाला जोडलेल्या रबरी नळ्या तडकलेल्या, निसटलेल्या किंवा उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत याची खात्री करावी. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांजवळून फिरवल्यास हवा शिरण्याचा सूं असा आवाज ऐकू येतो. मात्र पंखा व पट्ट्यांपासून हात दूर ठेवावा. तापलेल्या एंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधू नये. (३) ठराविक तालात धक्के बसत असल्यास एखाद्या सिलिंडरात ज्वलन होत नसण्याचा संभव असतो. अशा वेळी ठिणगी गुडदी म्हणजेच स्पार्क प्लग व त्याचे वेटोळे तपासावे. इशारादिवा लुकलुकत असल्यास गाडी चालवू नये, कारण न जळलेल्या इंधनाने निष्कास मार्गातील उत्प्रेरक जळतो. (४) वेगदर्शक काटा स्थिर असून केवळ गाडी हादरत असल्यास एंजिनाच्या रबरी आधारांकडे लक्ष द्यावे. (५) वातानुकूलन चालू करताच वेग फार घसरणे व सिग्नलला थांबताना एंजिन बंद पडणे ही मात्र मळलेल्या थ्रॉटल बॉडीची नेहमीची लक्षणे होत.

सफाईची रीत : गाडी मोकळ्या हवेत उभी करून एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडाने प्राणहानी होऊ शकते. किल्ली काढावी व बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. हवेच्या नळीचा पट्टा सैल करून नळी बाजूस घ्यावी. तिच्यावरील संवेदकाच्या तारा ताणू नयेत. थ्रॉटल बॉडीसाठीच बनविलेला द्रव धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन छिद्राची भिंत व चकतीच्या दोन्ही बाजू पुसाव्यात. कडेचा घट्ट थर मऊ ब्रशाने सोडवावा. काही थ्रॉटल बॉडींच्या आतील भागावर कारखान्यात दिलेला संरक्षक लेप असतो. तो मळ समजून खरवडू नये. पेट्रोल वापरणे आगीच्या दृष्टीने घातक, तर रॉकेलाचा तेलकट अंश मागे राहतो. द्रव थेट फवारल्यास तो दांड्यातून मोटारीत व संवेदकात शिरतो. केबलने चालणारी चकती हाताने उघडता येते, परंतु विद्युत् मोटारीवर चालणारी चकती जोराने ढकलल्यास आतील दंतचक्रे तुटण्याची भीती असते. ती उघडण्याची रीत वाहनाच्या पुस्तिकेत पाहावी.

सफाईनंतर : द्रव पूर्ण वाळल्यावर नळी घट्ट बसवावी. सैल सांध्यातून शिरणारी हवा मूळ दोषापेक्षा त्रासदायक ठरते. सुरुवातीस निर्भार गती नेहमीपेक्षा अधिक राहिल्यास ते बिघाडाचे लक्षण समजू नये. मळामुळे कमी पडणारी हवा भरून काढण्यासाठी संगणकाने चकती जास्त उघडी ठेवण्याची सवय लावून घेतलेली असते. मार्ग मोकळा झाल्यावर तेवढ्याच उघडझापीतून जास्त हवा जाते. बहुतेक गाड्यांत संगणक थोड्या वापरानंतर नवे स्थान शिकतो. काहींत किल्ली ठराविक क्रमाने फिरवावी लागते किंवा निदान-उपकरण जोडावे लागते.

एवढे करूनही थरथर कायम राहिल्यास पुन्हा सफाई करण्यात अर्थ नसतो. इंधन अंतःक्षेपक, निष्कास वायूंच्या पुनरभिसरणाची झडप किंवा सिलिंडरातील दाब यांची तपासणी कुशल कारागिराकडून करून घ्यावी. घाटाच्या प्रवासापूर्वी, विशेषतः पावसाळ्याच्या आरंभी, गाडी तापल्यावर दिवे व वातानुकूलन चालू ठेवून निर्भार गती स्थिर राहते की नाही हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ती स्थिर नसेल, तर दोषाचे कारण सापडेपर्यंत घाटात गाडी नेऊ नये.