एअरबॅग फुटली, पत्र नंतर आलं

२०१४च्या सप्टेंबरअखेरीस फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये एका होंडा अकॉर्डला अपघात झाला. चालक महिलेच्या मानेवर इतक्या खोल जखमा होत्या, की पोलिसांना आधी चाकूहल्ल्याचाच संशय आला. काही दिवसांतच ती दगावली. प्रत्यक्षात तिची मान चिरली होती ती स्टीअरिंगमधल्या एअरबॅगमधून सुटलेल्या धातूच्या तुकड्यांनी. त्यानंतर तिच्या घरी होंडाचं पत्र आलं: तुमच्या २००१ सालच्या अकॉर्डची एअरबॅग बदलून घ्या.

ही एअरबॅग जपानच्या टाकाटा कंपनीची होती. एअरबॅगच्या मागे इन्फ्लेटर नावाची धातूची छोटी डबी असते. धडक बसली की तिच्यातलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. टाकाटाने यासाठी स्वस्त अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा सोसून त्याच्या वड्या खराब होतात आणि मग ते नको इतक्या वेगाने जळतं. दाब असह्य होऊन डबीच फुटते आणि तिचे तुकडे पिशवी फाडून थेट चालकाच्या तोंडावर येतात.

होंडाने पहिला रिकॉल (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) जाहीर केला तो २००८च्या नोव्हेंबरात, जेमतेम चार हजार अकॉर्ड आणि सिव्हिक गाड्यांसाठी. पुढच्याच वर्षी ओक्लाहोमात अकॉर्ड चालवणारी अठरा वर्षांची मुलगी याच दोषाने गेली. यादी वाढतच राहिली. अखेर एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. २०१७मध्ये टाकाटाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळं काढलं.

सुटा भाग बदलणं हे खरं तर वर्कशॉपचं साधं काम, तेही फुकट. अवघड आहे ते गाडीच्या आजच्या मालकापर्यंत पोचणं. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली, पत्ता बदलला, की पत्र भलत्याच दारात पडतं. २००१ ते २००३च्या काही होंडा गाड्यांतले इन्फ्लेटर धडकेत फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत होती. होंडाने मालकांच्या घरापर्यंत माणसं पाठवली. तरी २०२३च्या फेब्रुवारीत अशा सुमारे ८,२०० गाड्या बाकी होत्या आणि ‘दुरुस्त होईपर्यंत चालवूच नका’ असं सांगावं लागलं.

भारतातही २०१८च्या जानेवारीत होंडाने २०१३ सालच्या २२,८३४ अकॉर्ड, सिटी आणि जॅझ याच कारणासाठी परत बोलावल्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांनी हे मनावर घ्यायलाच हवं. आपल्याकडे रिकॉल सक्तीचा करण्याचे सरकारचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले, पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. टाकाटाचा दोष तर वयाबरोबर वाढणारा! जुन्या गाड्यांना ही मुदत लावणं योग्य नाही, तिचा फेरविचार झाला पाहिजे.

तोवर मालकाने स्वतःच पाहावं. आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला किंवा सर्व्हिस सेंटरला दिला, की आपल्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते कळतं. जुनी गाडी घेणाऱ्याने तर ही चौकशी बयाणा देण्याआधीच करावी.