साथीचे कागद (लेखांक ६) : ‘आणि’, ‘किंवा’ आणि चारची वेळ

३ जून २०२१, गुरुवार. मृग तोंडावर आलेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजातले माझ्या ओळखीचे एक कापड दुकानदार संध्याकाळी टीव्हीसमोर बसले होते. एप्रिलपासून दुकानाचं शटर बहुतेक दिवस खालीच. लग्नसराई हातची गेली होती, निदान पेरणीआधीची शेवटची गिऱ्हाइकी तरी मिळावी एवढीच आशा. तेवढ्यात राज्याचे आपत्ती व्यवस्थापन, मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार पडद्यावर आले आणि त्यांनी सांगितलं, की राज्याचे पाच गट केले आहेत आणि पहिल्या गटातल्या १८ जिल्ह्यांत उद्यापासून निर्बंध नाहीत. यादी अक्षरानुक्रमे होती. औरंगाबाद, भंडारा, बुलढाणा... तिसऱ्याच नावावर दुकानदारांनी आवाज बंद केला आणि मुलाला दुकान झाडायला पाठवलं.

मुलगा झाडून घरी येईपर्यंत सरकारचा खुलासा आला होता. निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग मंत्र्यांनीही सांगितलं, मंजुरी ‘तत्त्वतः’ आहे. मला फोन आला. “भाऊ, तत्त्वतः म्हणजे उघडायचं का नाही?”

शुक्रवारी रात्री उशिरा खरा आदेश निघाला. सोमवार, ७ जूनपासून लागू. त्यापाठोपाठ वर्तमानपत्रांत जिल्ह्यांची स्तरनिहाय यादी छापून आली. तिच्यात बुलढाणा होता चौथ्या स्तरात, पुणे, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पंक्तीला. आणि देऊळगाव राजाहून तीसेक किलोमीटरवरचं जालना पहिल्या स्तरात. तिकडे सगळं उघडं, इकडे कापडाचं दुकान बंद.

टाळेबंदीवर आपल्याकडे जी जाहीर भांडणं झाली, त्यातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते फारसं कुणाच्या लक्षात नाही, कारण लक्षात राहील असं त्यात कुणी काही बोललं नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी, कोरोनाचा विषाणू सापडला असता तर देवेंद्र फडणवीसांच्या तोंडात घातला असता, अशा अर्थाचं विधान केलं आणि जिल्हा दोन दिवस देशभरच्या वाहिन्यांवर गाजला. मूळ वाद रेमडेसिव्हिरच्या पुरवठ्याचा होता, आणि योगायोग असा की ते औषध ज्यांच्या खात्याखाली येत होतं ते अन्न व औषध प्रशासन मंत्री डॉ. राजेंद्र शिंगणे हेच आमचे पालकमंत्री होते. प्रश्न रास्त होता, त्याचं उत्तर देणारा माणूस जिल्ह्यातलाच होता. पण चर्चा झाली ती तोंडाची.

तर आज त्या पाच स्तरांच्या आदेशाविषयी. त्यात पट्ट्या दोन होत्या. एक, बाधितांचं प्रमाण, म्हणजे शंभर चाचण्यांमागे किती जण बाधित निघाले. दुसरी, ऑक्सिजनच्या खाटांपैकी किती टक्के भरलेल्या आहेत. पहिल्या स्तरात यायचं तर बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या. दुसऱ्या स्तराला प्रमाण तेच आणि खाटा २५ ते ४० टक्के. तिसऱ्याला प्रमाण ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांच्या वर. चौथ्याला १० ते २० टक्के किंवा खाटा ६० टक्क्यांच्या वर. पाचव्याला २० टक्क्यांपुढे किंवा खाटा ७५ टक्क्यांपुढे.

ही ओळ पुन्हा वाचा. वरच्या दोन स्तरांत ‘आणि’ आहे, तिसऱ्यापासून खाली ‘किंवा’. सुटायचं असेल तर दोन्ही विषयांत पास व्हावं लागतं, अडकायला एकात नापास झालं तरी पुरतं. आरोग्याच्या दृष्टीने यात चूक काही नाही. ऑक्सिजनची एकही खाट मोकळी नसेल तर बाधितांचं प्रमाण कमी असून उपयोग काय? दुसऱ्या लाटेत श्वास लागलेला माणूस गाडीत घालून खामगाव, अकोला, औरंगाबाद असं फिरवलेल्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण हा ‘किंवा’ दुकानदाराला कुणी समजावून सांगितला नाही. त्याला फक्त आकडा कळला: चौथा.

आता त्या पहिल्या पट्टीकडे. बाधितांचं प्रमाण हा अपूर्णांक आहे, आणि अपूर्णांकात वरच्या आकड्याइतकाच खालचाही आकडा बोलतो. समजा एखाद्या जिल्ह्यात आठवड्यात १००० चाचण्या झाल्या. त्यातल्या ८०० गावोगाव शिबिरं लावून केलेल्या अँटीजेन चाचण्या, त्यात १६ बाधित. उरलेल्या २०० आरटीपीसीआर, म्हणजे ज्यांना ताप-खोकला आहे अशांच्या, त्यात ३० बाधित. एकूण ४६. प्रमाण ४.६ टक्के, जिल्हा पहिल्या स्तराच्या दारात. आता त्याच जिल्ह्याचा फक्त आरटीपीसीआरचा हिशेब मांडा: २०० मागे ३०, म्हणजे १५ टक्के. जिल्हा चौथ्या स्तरात. माणसं तीच, आजार तोच. हा हिशेब मी समजण्यासाठी मनाने मांडला आहे, पण आदेशाच्या बाबतीत पुढे जे झालं ते याच्याशी जुळतं. त्याकडे येतोच.

चौथ्या स्तरात काय होतं? अत्यावश्यक वस्तूंची दुकानं चार वाजेपर्यंत. बाकीची बंद. हॉटेलात फक्त पार्सल. लग्नाला २५ माणसं. तिसऱ्या स्तरात बाकीची दुकानंही सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत उघडी आणि लग्नाला ५० माणसं. कृषी सेवा केंद्रं बंद नव्हती, बियाणं-खत मिळत होतं. पण पेरणीच्या आठवड्यात शेतकऱ्याला फक्त बियाणंच लागतं असं मुंबईत बसलेल्याला वाटू शकतं. ताडपत्री लागते, पायात घालायला काहीतरी लागतं, मोटारीला वायर लागते. पावसाने एक दिवस लवकर गाठलं तर हे सगळं त्याच दिवशी लागतं.

आणि ते जालन्यात मिळत होतं. आदेशाने ई-पास सक्तीचा केला होता तो पाचव्या स्तराच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना. चौथ्या स्तरातल्या माणसाला पहिल्या स्तरात जाऊन कापड घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. ज्याच्याकडे मोटारसायकल त्याने जालना गाठलं. एका जिल्ह्यातली गर्दी कमी करायला काढलेल्या नियमाने शेजारच्या जिल्ह्यात गर्दी वाढवली. साथीच्या शास्त्रात याला काही नाव असेल, आमच्याकडे याला बाजार म्हणतात.

बुलढाणा हा कडेचा जिल्हा आहे हे इथे ध्यानात घ्यायला हवं. अमरावती विभागाचं हे पश्चिमेचं टोक. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाचा ओढा जालन्याकडे. मलकापूरचा भुसावळ-जळगावकडे. शेगाव-खामगावचा अकोल्याकडे. वर जळगाव जामोद आणि संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, पलीकडे मध्य प्रदेश. मध्ये अजिंठ्याच्या डोंगराची कड, तिने जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केलेले, बोलीपासून पाऊसमानापर्यंत वेगळे. तेरा तालुके, २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार लोक. या सगळ्याला मिळून आकडा एक. त्या आदेशात दहा लाखांहून जास्त वस्तीच्या महानगरपालिकांना स्वतंत्र एकक मानलं होतं. नागपूर शहर वेगळं, उरलेला नागपूर जिल्हा वेगळा. आमच्याकडे महानगरपालिकाच नाही. म्हणजे मोताळ्यात साथ वाढली तर लोणारचं दुकान बंद.

इथे सरकारची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिच्यात दम आहे. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा सगळ्या देशाला एकच दोर लावला होता. २४ मार्चच्या रात्री घोषणा, मध्यरात्रीपासून २१ दिवस सगळं बंद, मग ३ मे, १७ मे, ३१ मे. सुरुवातीला गडचिरोलीला आणि धारावीला नियम तोच. बुलढाण्यात धास्ती खरी होती. २८ मार्चला शहरात एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि त्यांचा अहवाल आला तो दुसऱ्या दिवशी. माणूस गेल्यावर कळलं की कोरोना होता. त्या आठवड्यात बंद कशाला, असं विचारणारा मला तरी कुणी भेटला नाही. वाद पुढे सुरू झाला, ‘आमच्याकडे रुग्ण नाही तरी आम्ही का बंद?’ असा. जून २०२१ चे पाच स्तर हे त्या प्रश्नाचं सरकारने दिलेलं सरळ उत्तर होतं. पट्टी आधी जाहीर केली, आकडे जाहीर केले, दर आठवड्याला पुन्हा मोजू म्हणून सांगितलं. याआधी निर्बंध कोणत्या आकड्यावर सुटतील हे फारसं कुणाला माहीत नसे. म्हणून मला ३ जूनच्या गोंधळाचं जास्त वाईट वाटतं. एवढं चांगलं उत्तर, आणि ते द्यायला दोन तोंडं.

त्या गोंधळावर विरोधकांनी मनसोक्त टीका केली. या सरकारात मुख्यमंत्री किती, असा तिचा सूर होता. तीन पक्षांच्या सरकारात श्रेय घ्यायची घाई झाली हे खरंच. पण आपल्याला दुसरं काही बघायचं आहे. मंत्र्याने पत्रकार परिषदेत सांगितलेलं कायदा का ठरत नाही?

कारण टाळेबंदी ही घोषणा नसते, कागद असतो. दोन कायद्यांवर तो उभा होता. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. पहिल्याबद्दल या मालेत आधी सविस्तर आलं आहे. मुंबईत प्लेग आला म्हणून घाईने केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्यातलं चौथं कलम सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देतं. लोकांचं काय, यावर कायदा गप्प आहे. पुण्यात त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँडच्या कारभारावर टिळकांच्या ‘केसरी’ने झोड उठवली, जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पण टिळकांचा रोख प्लेग आवरण्यावर नव्हता, गोरे शिपाई घरात कसे शिरतात यावर होता. तक्रार उपायाची कमी आणि तो राबवण्याच्या रीतीची जास्त, हे महाराष्ट्राला नवीन नाही.

दुसरा कायदा आपल्या जिल्ह्याच्या जास्त जवळचा. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी. कोरोनाच्या दोन वर्षांत व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी ‘जिल्हादंडाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ अशी ओळ असायची, ती हीच. याच कायद्याने जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना या प्राधिकरणाचं सहअध्यक्षपद दिलं आहे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची खुर्ची कायद्यात आहे. तुम्ही कधी एखाद्या आदेशावर सहअध्यक्षांचं नाव पाहिलंत? मी पाहिलं नाही. आमदार वाहिनीवर बोलत होते, नगरसेवक दुकानदारांच्या बाजूने पोलिसांशी बोलत होते, आणि जिथे बोलायला कायद्याने जागा ठेवली होती तिथून आवाज आला नाही.

जूनच्या ‘तत्त्वतः’आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येही शब्दांची अशीच एक गंमत झाली. अमरावती विभागात दुसरी लाट बाकी राज्याच्या आधी उठली. आम्ही ओरडत होतो, मुंबई-पुण्याला ती दूरची बातमी होती. तेव्हा केंद्राच्या आदेशानुसार प्रतिबंधित क्षेत्राबाहेर राज्याला स्वतःच्या अधिकारात स्थानिक टाळेबंदी लावता येत नव्हती, आधी केंद्राशी सल्लामसलत हवी होती. प्रतिबंधित क्षेत्राची हद्द मात्र जिल्ह्याच्या हातात. मग अमरावती आणि अचलपूर ही अख्खी शहरंच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाली. क्षेत्र मोठं केलं की टाळेबंदी हा शब्द लागत नाही. कागदावर काम करणाऱ्यांची ही हुशारी मला आवडली, लपवत नाही. पण ज्याचं दुकान बंद झालं त्याला क्षेत्राची व्याख्या सांगून काय उपयोग.

आता तो राहिलेला हिशेब. ७ जूनला लागू झालेली पाच पायऱ्यांची शिडी किती दिवस टिकली? २५ जूनला राज्याने नवा आदेश काढला. विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ या नव्या रूपाची धास्ती होती. त्यात दोन गोष्टी होत्या. यापुढे बाधितांचं प्रमाण फक्त आरटीपीसीआर चाचण्यांवरून काढायचं, अँटीजेनचे आकडे धरायचे नाहीत. म्हणजे वर मांडलेल्या अपूर्णांकातल्या खालच्या ८०० चाचण्या सरकारनेच खोडल्या. आणि दुसरं, आकडे काहीही असोत, कोणत्याही जिल्ह्याला तिसऱ्या स्तराच्या वर जाता येणार नाही.

पहिला आणि दुसरा स्तर कागदावर राहिले, त्यांत जिल्हा एकही उरला नाही. देऊळगाव राजाच्या दुकानदारांना मी तो आदेश पाठवला तेव्हा त्यांनी तो वाचलाच नाही. एवढंच विचारलं, “म्हंजे आता जालन्यालाही चारच का?”

हो, म्हटलं. चारच.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि लगेच, “नाही, बरं नाही झालं. माझ्या व्याह्याचं दुकान हाये तिथं.”