घरची बॅटरी : आधी हिशेब, मग इसार

आमच्या वस्तीतील एक काका गेल्या वर्षी नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत जमा झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात सौर पॅनेल विकणारा एक तरुण त्यांच्या दारात येऊन बसला. हातात रंगीत कागद, पायात पॉलिशचे बूट. ३ किलोवॅटची पॅनेले, हायब्रीड इन्व्हर्टर आणि चार मोठ्या बॅटऱ्या, सगळे मिळून तीन लाख साठ हजार. "लाईट बिल शून्य, आणि गावाची लाईट गेली तरी तुमचे घर उजेडात," असे त्याने सांगितले. काकांनी पाच हजार रुपये इसार दिला आणि संध्याकाळी तो कागद घेऊन आमच्याकडे आले.

"बाबू, तू हिशेबातला माणूस. इसार तर देऊन आलो. आता तू एकदा नजर घाल."

इसार आधी आणि हिशेब नंतर, ही आपल्या घराघरांतली जुनीच रीत आहे. आम्ही कचेरीत कारकुनी करतो, वाणिज्य शाखेची पदवी पदरी आहे, म्हणून वस्तीतले असे कागद आमच्याकडे येतात. विजेतले आम्हाला फार कळते असे नाही. पण तेहतीस वर्षे झाडू धरून मिळालेले पैसे एका कागदावर जाणार म्हटल्यावर कळून घेणे भाग होते. जे कळले ते आमच्या वाचक कुटुंबांपुढे मांडतो आहोत, कारण असे तरुण आता गावोगाव फिरत आहेत.

पहिली गोष्ट ही, की त्या कागदात दोन वेगळे सौदे एकत्र बांधलेले होते. पॅनेल वीज तयार करते. बॅटरी वीज तयार करीत नाही, ती फक्त साठवते, आणि साठवताना थोडी खाते. साध्या शिशाच्या बॅटरीत सव्वा युनिट भरावे तेव्हा एक युनिट हाती येते. म्हणून दोघींचा हिशेब वेगवेगळ्या पानांवर मांडला पाहिजे.

पॅनेलचे पान सोपे आहे. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटे देते, पावसाळ्यात कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, अशी जास्तीत जास्त ७८ हजारांची मदत ठेवलेली आहे. ती काम पूर्ण झाल्यावर बँक खात्यात येते. ही मदत पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात. बॅटरीसाठी वेगळा पैसा नाही. दिवसा जास्त झालेली वीज नेट मीटरमधून तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो, आणि महिनाअखेर वजाबाकी होते. म्हणजे तारच आपली कोठी झाली, आणि या कोठीला विकत आणावे लागत नाही. मात्र स्थिर आकार बिलात राहतोच, तेव्हा 'बिल शून्य' हे बोलणे तेवढ्यापुरते खोटे.

मग बॅटरी हवीच कशाला? याचे उत्तर त्या तरुणाने दिले नव्हते, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. बॅटरी नसलेले, तारेला जोडलेले सौर यंत्र गावाची लाईट गेली की आपोआप बंद पडते. बाहेर कडक ऊन असले, पॅनेल तापलेले असले, तरी घरात पंखा फिरत नाही. हा दोष नव्हे. खांबावर चढलेला लाईनमन तार मेलेली समजून हात घालतो. आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून यंत्र तसेच बनवलेले असते. पॅनेल लावून झाल्यावर पहिल्यांदा लाईट जाते आणि शेजारी हसतात, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

तर बॅटरी लागते ती लाईट गेल्यावेळेपुरती. बिल वाचवायला ती नाही. मग प्रश्न उरतो, आपली लाईट जाते किती? येथे काकूंनी आम्हाला चकित केले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्च ते मे अशा तीन महिन्यांच्या नोंदी पेन्सिलीने केल्या होत्या. लाईट केव्हा गेली, केव्हा आली. शाळा चौथीपर्यंत, पण नोंद अशी की आमच्या कचेरीतल्या हजेरीपटाला लाज वाटावी. तीन महिन्यांत २९ वेळा लाईट गेली होती, एकूण ४१ तास. सर्वांत लांब वादळाच्या रात्री, साडेसहा तास.

आम्ही काकांच्या घरातल्या गरजा लिहून काढल्या. लाईट गेल्यावर दोन पंखे आणि तीन दिवे चालले पाहिजेत. जुना पंखा ७५ वॅट खातो, एलईडी दिवा ९ वॅट. बेरीज १७७ वॅट. ४१ तासांना गुणले तर सव्वासात युनिटे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत त्या घराला जी वीज मिळाली नाही ती एवढीच. तिच्यासाठी चार बॅटऱ्या!

सात युनिटांची किंमत बिलाच्या दराने शंभर रुपयांच्या आतच. पण तेवढ्यावरून बॅटरी निरुपयोगी ठरवणारा माणूस अकोल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली झोपलेला नसावा. पारा ४४-४५ अंशांवर असताना रात्री दोनला पंखा थांबतो, तेव्हा दीड वर्षाची नात रडायला लागते, सून उठते, आणि तिला सकाळी शिलाईच्या मोटारीवर ब्लाऊज पुरे करून द्यायचे असतात. लग्नसराईत एक दिवस चुकला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. या गोष्टीला किंमत आहे. ती किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ठरवताना आकडा डोळ्यांसमोर असावा एवढेच आमचे म्हणणे.

आता बॅटरीचे पान. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. परंतु शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा घेतो. म्हणून हाताशी एकच युनिट धरावे. १७७ वॅटवर ती साडेपाच तास पुरेल. किंमत १५ हजारांच्या आसपास. अर्धी उपसून साधारण १२०० वेळा भरता-उपसता येईल असे धरले, तर १५ हजार भागिले १२००, म्हणजे एक युनिट नुसते साठवायला साडेबारा रुपये. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांना वहन आकार धरून सहाच्या आत रुपये पडत होते आणि १०१ ते ३०० युनिटांना साडेअकराच्या जवळपास. मग रोज बॅटरी वापरून बिल वाचते कसे? वाचत नाही. आमच्या विषयात याला घसारा म्हणतात. पैसा एकदाच गेलेला दिसतो, पण वस्तू रोज थोडी थोडी झिजत असते.

लिथियमची बॅटरी यापेक्षा चांगली आहे हे खरे. ती बहुतेक सगळी उपसता येते, पाणी घालावे लागत नाही, आणि हजारो वेळा भरता येते. पाच युनिटांची घेतली तर लाखाच्या घरात जाते. दररोज पुरी वापरली आणि ४००० वेळा चालली, तर एका युनिटाला साडेपाच रुपयेच पडतात. विक्रेते हाच आकडा दाखवतात. पण तुमची लाईट महिन्यातून दोनदाच मोठी जात असेल, तर वर्षाला शंभर-सव्वाशे युनिटे वापरली जातील आणि दहा वर्षांत एका युनिटाला नव्वद रुपयांच्या आसपास पडतील. लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला सात हजार आले असते, ते वेगळेच. पतपेढीचे कर्ज काढून घेतली तर विचारूच नये.

काकांच्या बिलात उन्हाळ्यात १४० युनिटे दिसत होती, त्यांतली ४० महाग टप्प्यातली. आम्ही वायरमनकीचे काम करणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याला बोलावले. त्याने वर पाहिले आणि म्हणाला, "आधी पंखे बदला." बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॅटवर फिरतो, किंमत अडीच-तीन हजार. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात. घरात तीन पंखे आहेत, म्हणजे अठ्ठेचाळीस. १४० ची ९२ झाली आणि महाग टप्पा सुटला! उन्हाळ्यात महिन्याला पाचशे रुपयांची बचत. शिवाय लाईट गेल्यावर दोन पंखे आणि तीन दिव्यांचा भार १७७ वरून ८७ वॅटवर आला, म्हणजे तीच एक बॅटरी साडेपाचऐवजी अकरा तास चालेल. दुसरी बॅटरी घेण्याऐवजी पंखा घ्यावा, हे आमच्या डोक्यात आले नसते.

तिसरी अडचण काकूंनीच सांगितली. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते २००९ साली वारले. योजनेचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावे करावा लागतो. आपल्या वस्त्यांत हे घरोघरी आहे. घराचा कर एकाच्या नावावर, मीटर दुसऱ्याच्या, आणि दोघेही हयात नाहीत. मुंबईच्या चाळीतल्या वाचकांची तर गच्चीच आपली नाही. पॅनेलची स्वप्ने पाहण्याआधी नाव बदलण्याचा अर्ज करून ठेवावा. काकांनी तो केला आहे. नाव झाले की १ किलोवॅटचे पॅनेल त्यांना पुरेल, तीनची गरजच नव्हती. आमच्या भागात साठ-सत्तर हजार सांगतात. मदत वजा जाता ते पाच-सहा वर्षांत फिटेल. २०२५ साली राज्य सरकारने कमी वापराच्या ग्राहकांसाठी या मदतीत आपली भर घातली आहे, तीही विचारून घ्यावी.

काही घरांत मात्र बॅटरीला पर्याय नाही. शेताकडच्या वस्तीवर रोज चार-चार तास लाईट जात असेल, किंवा घरात दम्याच्या आजाऱ्यासाठी ऑक्सिजनचे यंत्र असेल, तर पैशाचा हिशेब मागे ठेवावा. ते यंत्र ३०० वॅटच्या वर खाते हे लक्षात घेऊन बॅटरी निवडावी आणि भरलेला सिलिंडरही जवळ ठेवावा. बॅटरी मधेच दगा देऊ शकते.

भगिनींसाठी दोन शब्द, कारण बॅटरीची निगा शेवटी त्यांच्याच गळ्यात पडते. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नको. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती चुलीजवळ, देव्हाऱ्याच्या किंवा मेणबत्तीच्या कोनाड्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये. तापलेल्या पत्र्याखालीही नको, उष्णतेने तिचे आयुष्य घटते. आतले पाणी म्हणजे गंधकाचे आम्ल, लहान मुलांचा हात तेथे पोचता कामा नये. आणि संपलेली बॅटरी भंगारवाल्याला अंगणात फोडू देऊ नये. शिशाची भुकटी मुलांच्या मेंदूला अपाय करते. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्यावी, तिचे पैसे बिलातून वजा होतात.

काकांनी तीन पंखे, एक साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी घेतली. खर्च पस्तीस हजारांच्या आत राहिला. उरलेली ग्रॅच्युइटी काकूंच्या आणि त्यांच्या संयुक्त नावाने ठेवली आहे. इसारातले तीन हजार चार खेपा घातल्यावर परत मिळाले, दोन हजार गेले ते गेलेच. काकूंचे कॅलेंडर चालूच आहे. यंदा त्यांनी लाईट गेल्याच्या नोंदीपुढे बॅटरी किती वाजता बसली याचाही रकाना पाडला आहे.

ज्या कुटुंबांपुढे असा कागद आला असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांची लाईट बिले घेऊन रविवारी सकाळी विहारात यावे. आम्ही आणि तो वायरमन तरुण अकरापर्यंत तेथे असतो.