श्वानमुखांचे मुलूख

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणचा सम्राट दुसरा आर्टाझर्क्सीज याच्या दरबारी क्तेसियस नावाचा एक ग्रीक राजवैद्य होता. हिंदुस्थानात त्याने कधी पाऊल ठेवले नाही. परंतु पूर्वेकडील मुलखांविषयी दरबारात जे जे त्याच्या कानी आले, ते ते त्याने ‘इंडिका’ या ग्रंथात नमूद करून ठेवले. मूळ ग्रंथ नष्ट झाला. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष फोटियस याने करून ठेवलेला सारांश आणि इतर प्राचीन ग्रंथकारांनी घेतलेले उतारे यांवरूनच आज आपणांस त्याची ओळख होते. त्या सारांशात विस्ताराने आलेला, आणि माझ्या मते सर्वांत विचार करण्याजोगा भाग म्हणजे सिंधू नदीपर्यंत पसरलेल्या पर्वतराजीत राहणाऱ्या, धड माणसाचे पण मस्तक कुत्र्याचे, अशा एका लोकसमूहाची हकीकत होय.

या लोकांची संख्या क्तेसियस १,२०,००० सांगतो. त्यांना शेजारच्या हिंदी लोकांची भाषा समजते, पण बोलता येत नाही. म्हणून ते भुंकून आणि हातांच्या खुणा करून आपला आशय पोचवितात. त्यांना घरे नाहीत, गुहा आहेत. बिछाने नाहीत, पाला आणि गवत आहे. शिकारीचे मांस ते उन्हात भाजतात, मेंढ्या, शेळ्या व गाढवे पाळतात, मेंढीचे दूध पितात, आणि एका विशिष्ट वृक्षाची गोड फळे वाळवून करंड्यांत भरून ठेवतात. पुरुष स्नान करीत नाहीत, नुसते हात धुतात. मात्र महिन्यातून तीन वेळा दुधापासून काढलेले तेल अंगाला चोळतात. केसाळ कातडी ते पांघरीत नाहीत, कमावलेले मऊ कातडे वापरतात. तागाचे वस्त्र नेसणारे श्रीमंत त्यांच्यात आहेत, पण थोडे. ज्याच्यापाशी मेंढ्या अधिक तो धनवान. कमरेच्या वर शेपूट आहे, ते कुत्र्याच्या शेपटाहून लांब आणि झुबकेदार. आणि इतका सगळा तपशील देऊन झाल्यावर क्तेसियस शांतपणे सांगतो की, हे लोक न्यायी आहेत, आणि १७०, क्वचित २०० वर्षेही जगतात.

या वर्णनातील शेपूट आणि भुंकणे सोडून त्यांच्या राजकारणाकडे पाहिले म्हणजे त्यातील मर्म ध्यानात येते. वर्षातून एकदा हे लोक तराफे बांधतात, त्यांवर वाळविलेली फळे, जांभळा रंग आणि तृणमणी लादतात, आणि त्यांपैकी एक ठरीव हिस्सा हिंदुस्थानच्या राजाकडे पाठवितात. उरलेला माल देऊन भाकरी, पीठ, सुती कापड आणि तलवारी खरेदी करतात. ही झाली खंडणी आणि हा झाला व्यापार. पण उलट बाजूने राजाही दर पाच वर्षांनी त्यांना ३,००,००० धनुष्ये, तितकेच भाले, १,२०,००० ढाली आणि ५०,००० तलवारी नजर करतो. ढालींचा आकडा लोकसंख्येच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो, म्हणजे लहानथोर धरून माणशी एक ढाल! जो राजा आपल्या मांडलिकांना इतकी शस्त्रे स्वतः पुरवितो, त्याला त्यांच्याकडून केवळ फळे नकोत, सरहद्दीचा बंदोबस्त हवा आहे. क्तेसियस याचे कारणही देऊन ठेवतो: उंच आणि दुर्गम पर्वतांत राहत असल्यामुळे त्यांना युद्धात जिंकणे शक्य नाही.

ही कल्पना त्या वैद्याला आकाशातून सुचलेली नसावी. इराणच्या साम्राज्यातच, सूसा आणि पर्सेपोलिस यांच्या दरम्यानच्या डोंगरांत उक्सियन नावाचे लोक राहत असत. सम्राटाची स्वारी त्यांच्या खिंडीतून जावयाची झाल्यास सम्राटच त्यांना रक्कम देत असे, असे अलेक्झांडरचा चरित्रकार अरियन याने लिहून ठेवले आहे. ज्या दरबारात क्तेसियस राहिला, त्या दरबाराला डोंगरी लोकांशी अशी देवघेव ठाऊक होती. तेव्हा श्वानमुखांच्या राज्याचा कारभार त्याने रचला तो आपल्याच धन्याच्या दफ्तरातील रीतिरिवाजांवरून, असे मला वाटते.

आपल्याकडेही हे लोक अपरिचित नव्हते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त देशोदेशीच्या लोकांची जी गणना केली आहे, तीत उत्तर दिशेला अश्वमुखांच्या जवळच ‘श्वमुख’ येतात, आणि तक्षशिला व पुष्कलावती यांचे रहिवासीही त्याच दिशेला येतात. नुसती नावेच, रीतिरिवाज नाहीत, कारभार नाही. वराहमिहिराच्या पूर्वी मेगस्थनीझच्या आधारे रोमन पंडित प्लिनी यानेही हिंदुस्थानातील पर्वतवासी श्वानमुखांचा उल्लेख केला होता. ज्याला जो प्रदेश दूरचा आणि अवघड, त्याने तो प्रदेश या लोकांना बहाल केला. युरोप, हिंदुस्थान आणि चीन या तिन्ही ठिकाणच्या अशा कथांचा एकत्र अभ्यास अमेरिकन संशोधक डेव्हिड गॉर्डन व्हाइट यांनी १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि सीमेपलीकडच्या परक्याला पशूचे मुख देण्याची ही प्रवृत्ती किती व्यापक आहे हे त्यावरून दिसून येते.

परंतु सर्वच परक्यांना सारखा न्याय मिळत नाही. मार्को पोलोने १२९८ साली जिनोव्हाच्या तुरुंगात आपला प्रवासवृत्तान्त सांगितला. त्यात अंदमानचे लोक म्हणजे कुत्र्याचे तोंड, कुत्र्याचे दात आणि कुत्र्याचे डोळे. क्रूर आणि हाती लागेल त्या परक्याला खाणारे. या वर्णनाआधीच तो एक वाक्य टाकून जातो: त्यांना राजा नाही. राजा नाही म्हणजे कायदा नाही, आणि कायदा नाही म्हणजे ते श्वापदांहून वरचढ नाहीत, असा त्याचा हिशेब. त्याने अंदमान पाहिलेले होते असे मानण्यास काही आधार नाही. तरीही त्याच्या त्या चार वाक्यांचा डाग त्या बेटांवरील माणसांच्या अंगावर शतकानुशतके राहिला, याची मनाला टोचणी लागल्यावाचून राहत नाही.

त्यानंतर अवघ्या पाव शतकाने त्याच समुद्रातून ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी गेला. आपल्या वाचकांना त्याच्याविषयी विशेष जवळीक वाटावी, कारण हा मनुष्य ठाण्याच्या बंदरात उतरला होता. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या आपल्या चार धर्मबंधूंच्या अस्थी त्याने तेथून उचलल्या आणि थेट चीनपर्यंत वाहून नेल्या. ठाण्यात उंदीर इतके मोठे असतात की मांजरांचे काही चालत नाही, कुत्र्यांनाच त्यांची शिकार करावी लागते, अशीही नोंद तो करून ठेवतो. पुढे त्याने ‘निकुवेरान’ म्हणजे निकोबारचे जे वर्णन केले आहे, त्यात स्त्रीपुरुषांची तोंडे कुत्र्यासारखीच आहेत. पण हे लोक बैलाला देव मानतात आणि त्याची सोन्याची किंवा रुप्याची मूर्ती कपाळावर बांधतात. लढाईत सापडलेल्या शत्रूला ते खातात खरे, परंतु त्याने पैसे भरले तर सोडून देतात. आणि त्यांना राजा आहे! त्याच्या गळ्यात ३०० टपोऱ्या मोत्यांची माळ आहे. तितक्याच प्रार्थना तो रोज देवापुढे करतो. त्याच्या हातात वीतभर लांबीरुंदीचे एक माणिक असते, जे चीनच्या महान खानालाही बळाने, द्रव्याने वा युक्तीने मिळविता आले नाही. हा राजा न्याय कसोशीने पाळतो, म्हणून त्याच्या सबंध मुलखातून कोणीही निर्धास्तपणे प्रवास करू शकतो. तोंडे तीच, समुद्र तोच. एकाने राजा नाकारला आणि दुसऱ्याने तो दिला, एवढ्याने त्या लोकांची सारी प्रतिष्ठा बदलली.

या लोकांची प्रतिष्ठा कशावर ठरवावी, हाच प्रश्न त्याआधी साडेचारशे वर्षे फ्रान्समधील कॉर्बी येथील मठात अत्यंत गंभीरपणे विचारला गेला होता. उत्तरेकडे धर्मप्रसार करणाऱ्या रिम्बर्ट या धर्मोपदेशकाला श्वानमुख लोकांच्या वार्ता कळत होत्या, आणि ते माणसे आहेत की पशू, म्हणजे त्यांना उपदेश करावयाचा की नाही, असे त्याने रात्राम्नुस नावाच्या पंडित संन्याशाला विचारले. रात्राम्नुसचे उत्तर उपलब्ध आहे. ज्यांचे मस्तक कुत्र्याचे आणि वाणी भुंकण्याची, ते पशू, असे सहजच म्हणता आले असते, हे तो मान्य करतो. पण रिम्बर्टनेच कळविले आहे की हे लोक गावांत एकत्र राहतात, शेती करतात, लज्जारक्षणासाठी वस्त्र वापरतात आणि गुरे पाळतात. गाव म्हणजे सर्वांनी मानलेला नियम. नियम बुद्धीवाचून होत नाही. आणि लज्जा ही तर सद्सद्विवेकाची खूणच. म्हणून हे लोक आदमचे वंशज ठरतात. नवव्या शतकातील एका मठवासीयाने, ज्या लोकांना आपण कधी पाहणार नाही त्यांना मनुष्यत्व देण्यासाठी, इतका काळजीपूर्वक युक्तिवाद करावा, याचे मला फार मोल वाटते. पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधील व्हेझले येथील मंदिराच्या द्वारावर, येशू शिष्यांना जगभर पाठवीत असल्याच्या भव्य शिल्पात, पृथ्वीवरील लोकांच्या रांगेत श्वानमुखांनाही स्थान मिळाले. ग्रीक आणि रशियन परंपरेत तर संत ख्रिस्तोफर हाच श्वानमुख चितारला जाई. रशियात १७२२ साली अशा चित्रांना बंदी झाली.

आतापर्यंतचे सगळे लेखक दुसऱ्यांना कुत्र्याचे तोंड देणारे होते. चीनमध्ये मात्र एका समाजाने तो वारसा आपण होऊन पत्करला आणि त्यावर आपला हक्क उभा केला. पाचव्या शतकातील फान ये याच्या इतिहासात ही कथा येते. सम्राट गाओशिन याने जाहीर केले की, शत्रूच्या सेनापतीचे मस्तक आणील त्याला सोने, दहा हजार घरांची जहागीर आणि आपली कनिष्ठ कन्या मिळेल. मस्तक आणले ते राजवाड्यातील पान्हू नावाच्या, पंचरंगी केसांच्या कुत्र्याने. सम्राट वचन पाळण्यास कचरला. तेव्हा कन्येनेच बजावले की एकदा दिलेली राजाज्ञा मोडता येत नाही. पान्हूने तिला पाठीवर घेऊन दक्षिणेच्या डोंगरात नेले. तेथे सहा मुलगे आणि सहा मुली झाल्या. त्यांनी सालींचे विणून रंगविलेले कपडे केले, त्यांना शेपटीचा आकार दिला. पुढे सम्राटाने त्या मुलांना डोंगर आणि विस्तीर्ण पाणथळी बहाल केल्या, आणि त्यांच्या वंशजांना नाक्यावरचे दस्तक आणि जमिनीचा सारा यांची माफी मिळाली.

आपल्याकडे जेजुरीच्या खंडोबाचे वाघे पूर्वी देवापुढे स्वतःला त्याचे कुत्रे म्हणवून भुंकत असत, आणि त्यात त्यांना हीनपणा वाटत नसे. चीनमधील त्या समाजाने, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या याओ लोकांनी, पान्हूला आपला मूळपुरुष मानले ते अशाच निःसंकोच वृत्तीने. परंतु त्यांनी त्याहून एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या घराण्यांतून बादशाही शिक्क्याची, चित्रे आणि नकाशे काढलेली लांबच लांब गुंडाळीची सनद पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. दक्षिण चीनपासून लाओस आणि थायलंडपर्यंत जेथे जेथे हे लोक डोंगरामागून डोंगर ओलांडीत गेले, तेथे तेथे तिच्या नकला गेल्या. कित्येक प्रतींवर सुंग राजवटीतील १२६० हे साल घातलेले आढळते, पण त्या प्रती फार नंतर नकलून काढलेल्या आहेत, आणि सनद देणारा बादशहा इतिहासात शोधून सापडत नाही. तरीही तिच्यातील मजकूर एखाद्या कसलेल्या कारकुनाने लिहावा तसा नेमका आहे. पान्हूच्या बारा मुलांची बारा कुळे. त्या कुळांनी डोंगर कसल्याबद्दल सारा द्यावयाचा नाही, वेठ करावयाची नाही. नावेतून नदी पार करताना भाडे द्यावयाचे नाही. अंमलदारासमोर गुडघे टेकावयाचे नाहीत. आणि सपाटीवरच्या शेतापासून तीन फूट वर, जेथे पाणी उपसून चढविता येत नाही, तेथून पुढची सगळी जमीन त्यांची.