रूळ उखडले, वाट राहिली : फ्रान्सच्या ग्रामीण भागातील वाहनमुक्त सायकलमार्ग

फ्रान्सच्या पूर्वेकडील बर्गंडी प्रदेशात झिव्री नावाचे एक छोटे गाव आहे. द्राक्षमळे आणि तांबडे मद्य यांसाठी त्याची ख्याती. या गावापासून दक्षिणेस क्लूनी या जुन्या मठाच्या गावापर्यंत ४४ किलोमीटर लांबीचा एक अरुंद डांबरी रस्ता जातो. या रस्त्यावर मोटार नाही, मोटारसायकल नाही, मालट्रक नाही. पायी चालणारे, सायकलस्वार, चाकांचे बूट घालून पळणारी मुले आणि चाकांच्या खुर्चीतून फिरावयास निघालेले वृद्ध, एवढीच काय ती रहदारी. प्रथमच येणाऱ्याच्या एक गोष्ट मात्र चटकन ध्यानात येते. भोवतालचा मुलूख टेकड्यांचा असूनही रस्त्याला दमछाक करणारा चढ नाही. उंचवटा आला की रस्ता कापणीतून जातो, सखल भाग आला की भरावावरून. वळणेही लांबलचक आणि संथ. सायकलसाठी इतका खर्च करून रस्ता कोणी आखत नाही. तो आखला गेला होता वाफेच्या इंजिनासाठी.

१९९७ साली खुला झालेला हा मार्ग फ्रान्समधील पहिला ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हरितमार्ग होय. आज अशा मार्गांनी त्या देशाचा बराच ग्रामीण भाग जोडला गेला आहे. पर्यटनाच्या पत्रकांतून त्यांची वर्णने पुष्कळ येतात. परंतु ज्यांना गावचा कारभार पाहावयाचा असतो त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे : दाट मालकीच्या शेतजमिनीतून इतकी सलग, मोकळी वाट मिळाली कोठून?

फ्रेसिने योजनेचा वारसा

उत्तर शोधण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. १८७९ मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेनुसार सुमारे ८,७०० किलोमीटर नवे लोहमार्ग बांधण्याचा कायदा झाला. मुख्य शहरे तोवर जोडली गेली होती. आता आडवळणाच्या गावांपर्यंत आगगाडी पोहोचवावयाची होती. त्यामागे राजकारणही होते. प्रजासत्ताक नवे होते आणि त्याचा लाभ शेतकऱ्याच्या दाराशी नेऊन दाखविणे आवश्यक होते. आपल्या मतदारसंघात स्थानक व्हावे असे कोणत्या लोकप्रतिनिधीस वाटणार नाही? मार्ग झाले, स्थानके उभी राहिली, फाटकांशेजारी फाटकवाल्यांची दगडी घरे आली. परंतु यांतील कित्येक मार्गांना पुरेसे उतारू किंवा माल कधीच मिळाला नाही.

पुढे मोटारबस आली आणि ओहोटी सुरू झाली. १ जानेवारी १९३८ रोजी खाजगी रेल्वे कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली, आणि तोट्यातील शाखामार्गांवरील उतारूगाड्या झपाट्याने बंद होऊ लागल्या. महायुद्धानंतर तोच क्रम चालू राहिला. काही ठिकाणी धान्य, लाकूड वा दगड वाहणारी एखादी मालगाडी आणखी काही वर्षे रेंगाळली. मग तीही थांबली. रूळ भंगारात गेले. मागे राहिला तो खडीचा पट्टा, काटेरी झुडपे आणि गावाबाहेर दारे-खिडक्या लावलेले स्थानक.

जमीन कोणाच्या ताब्यात?

याच टप्प्यावर गावोगावचे भवितव्य वेगवेगळे झाले. बंद मार्ग रेल्वेच्या सूचीतून अधिकृतपणे वगळला गेला की त्याची जमीन विकता येते. अनेक ठिकाणी ती तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या हद्दीपुरता पट्टा नांगराखाली घेतला, कोणी घर बांधले, कोणी गुदाम. रस्त्यावरचे लोखंडी पूल अडचणीचे म्हणून उतरविले गेले. अशा ठिकाणी आज हरितमार्ग अचानक संपतो आणि सायकलस्वारास मोटारींच्या रस्त्यावर यावे लागते. जेथे पट्टा अखंड राहिला, तेथे काम तुलनेने सोपे झाले. चाळीस किलोमीटरचा सलग पट्टा शेकडो खातेदारांकडून नव्याने मिळवावयाचा म्हटला असता तर एक पिढी तरी गेली असती.

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा, निवडून आलेल्या महापौराच्या कारभाराखालील सर्वांत लहान घटक. बहुसंख्य कम्यूनची लोकसंख्या अगदी थोडी असते. एका कम्यूनला अशा मार्गाचा भार पेलणे शक्य नाही, आणि मार्ग तर दहा-वीस कम्यूनच्या हद्दींतून जाणार. म्हणून बहुधा डिपार्टमेंटची निर्वाचित परिषद, जिला आपल्याकडील जिल्हा परिषदेची उपमा देता येईल, पुढाकार घेते. ती जमीन विकत घेते, किंवा रेल्वेशी करार करून केवळ तिचे व्यवस्थापन आपल्याकडे घेते. या दुसऱ्या पद्धतीत मालकी मूळ धन्याकडेच राहते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. रेल्वेप्रेमी संघटना म्हणतात की एकदा डांबर पडले की गाडी परत येण्याची आशा संपली. गावाला रविवारची सहल मिळाली, पण सोमवारी कामावर जाण्याचे साधन मिळाले नाही. दुसरी बाजू म्हणते, वाट वापरात आली नसती तर पट्टाच विरघळून गेला असता. प्रस्तुत लेखकास दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते; मालकी सार्वजनिक राहिली तर गाडीचे दार निदान कागदावर तरी उघडे राहते. मात्र पहिल्या आक्षेपाचे पूर्ण निरसन त्यामुळे होत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

कायद्यात या मार्गांना स्थान मिळाले ते बरेच उशिरा. १९९८ च्या डिसेंबरात शासनाने सायकलमार्ग व हरितमार्ग यांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर केला, आणि १६ सप्टेंबर २००४ च्या आदेशाने वाहतूक नियमावलीत ‘हरितमार्ग’ या संज्ञेची व्याख्या आली : यंत्रविरहित वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता. तोपर्यंत मोटारींना मज्जाव करण्यासाठी स्थानिक महापौरांच्या हुकमांवरच भिस्त होती.

नावा ओढण्याच्या वाटा

लोहमार्गांखेरीज दुसरा वारसा कालव्यांचा. रेल्वेपूर्व काळात माल वाहणाऱ्या नावा घोडे, आणि कित्येकदा माणसेही, काठावरून दोराने ओढीत नेत. त्यासाठी कालव्याच्या कडेने सपाट वाट राखलेली असे. यंत्राच्या नावा आल्या आणि या वाटा ओस पडल्या. त्याच आता सायकलस्वारांच्या कामी येतात. जलपाशापाशी, म्हणजे पाण्याची पातळी चढवून-उतरवून नाव पुढे सोडणाऱ्या दरवाजांच्या हौदापाशी, तेवढा लहानसा चढ लागतो. जमीन शासनाची आणि वाट कालव्याच्या देखभालीसाठी असल्याने येथेही करार करावा लागतो : जलमार्ग विभाग आपला हक्क राखतो, स्थानिक संस्था सायकलींची जबाबदारी पत्करते.

दक्षिणेतील मिदी कालवा यांत सर्वांत नामांकित. पिएर-पॉल रिके यांच्या कल्पनेतून १६६६ ते १६८१ या काळात बांधलेला हा २४० किलोमीटरचा कालवा १९९६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. येथे प्रशासकीय हद्द चक्क चाकाखाली जाणवत आली आहे. तुलूझकडील डिपार्टमेंटने आपल्या हद्दीत वाट गुळगुळीत केली; हद्द ओलांडताच सायकलस्वार अनेक वर्षे मुळे आणि मातीच्या धक्क्यांत सापडत असे. त्यात भर पडली रोगाची. काठावरच्या, चिनाराच्या कुळातील सुमारे ४२ हजार वृक्षांवर २००६ मध्ये एका बुरशीचा प्रादुर्भाव आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात आली असे मानले जाते. औषध नाही, हजारो झाडे तोडून जाळावी लागली, आणि प्रसिद्ध सावलीच्या जागी लांबच लांब उघडे काठ दिसू लागले. नव्या जातीची रोपे लावण्याचे काम चालू असले तरी सावली तयार व्हावयास वेळ लागणारच.

ब्रिटनीमधील नांत ते ब्रेस्त हा ३६४ किलोमीटरचा कालवा तर नौकानयनासाठी सलग राहिलेलाच नाही. १९३० पर्यंत बांधून झालेल्या गेर्लेदां धरणाने त्याचे दोन तुकडे केले. नाव पुढे जाऊ शकत नाही. सायकल धरणाला वळसा घालून जाते.

ट्रामखाली गेलेला प्रवर्तक

सायकलवरून देश पाहण्याची हौस फ्रान्समध्ये जुनी आहे. सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव ‘व्हेलोसिओ’, यांनी १८८७ मध्ये सायकलविषयक मासिक काढून शर्यतीऐवजी प्रवासाचा पुरस्कार केला. चढावर गिअर बदलण्याच्या सोयीसाठी ते आयुष्यभर झगडले. १९३० साली आपल्याच शहरात रहदारीतून सायकल हाती धरून जात असता ट्रामची धडक बसून त्यांचा अंत झाला. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो जोडपी सायकलींवरून गावाकडे निघाली. तेव्हा साधे रस्तेच जवळजवळ वाहनमुक्त होते. पुढे मोटारींनी ते व्यापले, म्हणूनच निराळ्या वाटेची गरज भासली.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ल्वार नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा सुविख्यात सायकलमार्ग पुष्कळांना संपूर्ण वाहनमुक्त वाटतो. तो तसा नाही. अशा दीर्घ मार्गांना ‘व्हेलोरूत’ म्हणतात. त्यांत हरितमार्गांचे तुकडे, नदीचे बांध आणि थोड्या वर्दळीचे गावरस्ते पाट्यांच्या साहाय्याने जोडलेले असतात. मुलांना घेऊन निघणाऱ्याने नकाशात हा फरक पाहून घ्यावा.

गावांना लाभ काय? बंद स्थानकांत सायकलदुरुस्ती, उपाहारगृहे, माहिती केंद्रे आली. बोर्दोजवळ १९३७ च्या फ्रान्स-परिक्रमा शर्यतीचे विजेते रोजे लापेबी यांच्या नावाचा हरितमार्ग आहे. त्यावरील क्रेओं गावाच्या जुन्या स्थानकात सायकलस्वारांचे केंद्र चालते. सायकलस्वार सावकाश जातो, त्याला भूक लागते, आणि अंधार पडण्यापूर्वी त्याला खोली हवी असते. त्यामुळे त्याचा पैसा मोटारवाल्याच्या पैशाप्रमाणे पुढच्या शहरात जात नाही. परंतु हा व्यवहार मुख्यतः वसंत ते शरद एवढाच. हिवाळ्यात दुकान उघडे ठेवण्याइतके गिऱ्हाईक मिळत नाही, आणि गवत कापणे, मुळांनी उचललेले डांबर दुरुस्त करणे, पूल व बोगदे तपासणे हा खर्च मात्र बाराही महिने आहे.

क्लूनीच्या दक्षिणेस त्या जुन्या मार्गाचा बोआ-क्लेर बोगदा आहे, १.६ किलोमीटर लांब. त्याच खिंडीतून १९८१ मध्ये सुरू झालेला पॅरिस-लिऑं अतिवेगवान लोहमार्ग जातो. गाड्या क्लूनी गावात न थांबता निघून जातात. सायकलस्वार उन्हाळ्यात बोगद्याच्या गारव्यातून पलीकडे जातात. हिवाळ्यात बोगद्याचे दरवाजे बंद होतात, कारण तेथे वटवाघळे शीतनिद्रेत असतात. त्या महिन्यांत प्रवाशाने खिंडीचा चढ चढावयाचा असतो.